'आत्ता येईल लाइट'



उन्हाळा लागला की आपल्याकडे आठवणींचा एक ठरलेला मोसम येतो. पन्हं, सुरई, वाळ्याचे पडदे, गच्चीवर टाकलेल्या गाद्या. इंदूरकर लिहितात, बडोदेकर लिहितात, हैदराबादचे काचीगुड्याचे लोक लिहितात. मीही दोन-तीनदा लिहिलं आहे. आजही तोच विषय आहे, पण तेव्हा जे गाळलं होतं ते सांगणार आहे. लांबलं आहे, सवडीने वाचा.

आमचं घर ग्वाल्हेरला लष्करात, चिटणिसांच्या गोठीच्या अंगाला. (बाहेरच्यांसाठी सांगतो: दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे लष्कराचा तळ दिला, तळाचं शहर झालं, नाव मात्र लष्करच राहिलं. गोठ म्हणजे मराठीतला गोट, एकेका मानकऱ्याच्या माणसांची वस्ती, असं आमचे वडील सांगायचे.) वाडा पणजोबांनी बांधलेला. भिंती अडीच हात जाडीच्या, इथल्याच दगडाच्या. छतही दगडी पटियांचं. मध्ये चौक, चौकाच्या उत्तरेला सात-आठ पायऱ्या उतरून तहखाना. तळघर हा शब्द आम्ही पुस्तकातच वाचला, घरात तहखानाच.

ज्यांनी ग्वाल्हेरचा ज्येष्ठ पाहिला नाही त्यांना काय सांगू. इथला उच्चांक ४८.३ अंश, मे १९४७ मधला. दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंही नसायचं. लू सुटली की दाराची कडी धरवत नसे. नौतपा, म्हणजे साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस, घरातली सगळी वडीलधारी मंडळी आणि आम्ही पोरं जेवण झालं की तहखान्यात. वडिलांनी एकदा हौसेने थर्मामीटर टांगला होता. चौकातल्या सावलीत ४४, खाली ३१. हा आकडा मला पाढ्यासारखा पाठ आहे. खाली ना पंखा होता ना दिवा. वरच्या झरोक्यातून जेवढा उजेड येई तेवढ्यात आजी वाती वळायची.

माडीवरच्या खोल्यांना खसच्या टट्ट्या. त्यावर पाणी मारलं की बाहेरची लू आत गारव्यासारखी यायची. इथली हवा कोरडी म्हणून हे जमतं. मुंबईत किंवा गोव्यात टट्टी लावून काही उपयोग नाही. संध्याकाळी छतावर बादल्याच्या बादल्या पाणी ओतायचं. दगड आधी फुसफुसायचा, मग नऊपर्यंत गार व्हायचा. रात्री सगळ्यांच्या बाजा वर.

वीज होती. प्रत्येक खोलीत एक बल्ब, आणि माझ्या मुंजीनंतर आलेला एक टेबलफॅन, तो पाहुण्यांसाठी. लाइट जायचीच, पण गेली तर अभ्यास बुडाला म्हणून आम्हाला आनंद आणि आईला कंदिलाची काच पुसायचं काम. उन्हाशी तिचा काही संबंधच नव्हता. हे वाक्य लिहायला मला वीस वर्षं लागली, म्हणून जरा ठासून लिहितो: आमच्या घरात उन्हापासून वाचण्याचं काम वीज करत नव्हती.

आता लगेच 'पूर्वीचं किती छान' असं कोणी लिहू नका. टट्ट्यांवर पाणी मारणारा माणूस दिवसभर टट्टीच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे लूमध्ये उभा असायचा. हजिऱ्याला गिरणी कामगारांच्या चाळींना तहखाने नव्हते. तेव्हाही माणसं 'लू लागून' जायची, आणि बहुतेक गरीबच जायची. फक्त आमच्यासारख्यांना ते झळत नव्हतं.

मी बी.कॉम. करून १९७३ मध्ये बँकेत लागलो. नोकरीच्या निमित्ताने मुरैना, भिंड, शिवपुरी, मग परत ग्वाल्हेर. याच काळात घराघरांत कूलर आले. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताची जाळी, खाली पाण्याचा पंप आणि मागे मोठा पंखा. वस्तू उत्तम. खसच्या टट्टीचंच यांत्रिक रूप. पण टट्टीला पाणी आणि माणूस लागायचा, कूलरला पाणी आणि वीज लागते. हा फरक तेव्हा कोणाच्याच लक्षात आला नाही. माझ्या तर नाहीच.

मग थाटीपूर, सिटी सेंटर, दीनदयाल नगर अशा नव्या वसाहती उठल्या. घरांसाठीची कर्जं मी स्वतः शेकड्यांनी मंजूर केली. टायटल क्लिअर आहे का, मार्जिन किती, हप्ता पगाराच्या किती टक्के, सगळं बारकाईने पाहिलं. चार इंची भिंतीला पश्चिमेचं ऊन किती लागेल, वरच्या मजल्याचा स्लॅब रात्री किती वाजता निवेल, असा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खाली सोडतो. पण कूलर चालू असेल तर ते कळत नाही.

१९९६ साली आम्ही चुलत भावंडांनी मिळून वाडा विकला. भांडण वगैरे काही नाही. सात हिस्से होते आणि दुरुस्तीला कोणाकडे पैसे नव्हते. मी दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर, फ्लॅट घेतला. दोन बेडरूम, नळाला चोवीस तास पाणी, आईच्या खोलीलगत बाथरूम. आई खूश होती. वाड्यात संडास चौकापलीकडे होता, तिचे गुडघे गेलेले.

मध्य प्रदेशातल्यांना २००१ ते २००३ ही वर्षं वेगळी सांगायला नकोत. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं. कोरबाची मोठी औष्णिक केंद्रं तिकडे गेली, आणि विजेची मागणी करणारी बहुतेक शहरं आणि शेतपंप इकडे राहिले. पुढची तीन वर्षं आम्ही कटौतीत काढली. 'बिजली, सडक, पानी' एवढ्या तीन शब्दांवर डिसेंबर २००३ ची निवडणूक झाली आणि २३० पैकी १७३ जागा घेऊन सरकार बदललं. राजकारण इथे नको, पण विजेने सरकार पडलं हे आपल्या डोळ्यांदेखत घडलं.

कटौती दोन प्रकारची असे. घोषित, म्हणजे वेळापत्रक लावून. तिचा त्रास होतो, पण माणूस तयारीने राहतो: टाकी भरून घेतो, म्हाताऱ्यांना आधीच खाली नेतो. आणि दुसरी अघोषित. ती कधी जाईल आणि मुख्य म्हणजे कधी येईल हे कोणालाच ठाऊक नाही. माझ्या शाखेत तेव्हा संगणक नवे आले होते. लाइट गेली की जनरेटर लागायचा, आणि त्यावर पहिला मान सर्व्हर रूमच्या एसीचा. बाहेर हॉलमध्ये एक तारखेला पेन्शनवाले दीडशे म्हातारे पासबुकाने वारा घेत बसलेले. एक जण माझ्यासमोर खुर्चीवरून घसरले. पाणी पाजलं, उठले, पेन्शन घेऊन गेले. मी त्या दिवशी घरी येऊन हा किस्सा हसत सांगितला होता.

आता २००२ चा मे.

नौतपा सुरू होता. त्या दिवशी लाइट तीनदा जाऊन आली होती, त्यामुळे इन्व्हर्टरची बॅटरी अर्धीच भरलेली. रात्री साडेनऊला पुन्हा गेली. इन्व्हर्टरवर कूलर चालत नाही, फक्त पंखा. पंखा गरम हवा फिरवत होता. अकराच्या सुमारास तोही थांबला. इमारतीची टाकी संपलेली, मोटर लावायला वीज नाही, म्हणजे नळ कोरडे. माठात पाणी होतं. आई दोन घोट प्यायली आणि 'पुरे' म्हणाली. अंधारात सारखं बाथरूमला उठायला नको म्हणून ती उन्हाळ्यात रात्री पाणी कमीच प्यायची. त्यात रक्तदाबाची तिची गोळी लघवी जास्त करवणारी. हे दोन्ही मला माहीत होतं, पण मी त्यांची बेरीज केली नव्हती.

दहा वाजता तळमजल्यावरच्या भाभीजी टॉर्च घेऊन वर आल्या होत्या. म्हणाल्या, "अम्माजी को नीचे भेज दीजिए भाईसाहब, हमारे आँगन में ठंडक है." आईने माझ्याकडे पाहिलं. तिला दुसऱ्याच्या घरी झोपायला संकोच वाटायचा, आणि खुर्चीवर बसवून दोन जिने उतरवायचे म्हणजे दोन माणसं लागणार. मी म्हणालो, "बस, अभी आ जाएगी." भाभीजी गेल्या. आईला म्हणालो, "आत्ता येईल लाइट."

ती रात्र आम्ही अशीच काढली. दर अर्ध्या तासाला वाटायचं, आत्ता येईल. सात तास लाइट येणार नाही असं कोणी दहा वाजता सांगितलं असतं तर मी आईला पाठीवर घालून खाली नेलं असतं, शपथेवर सांगतो.

चारच्या सुमारास आई बोलायला लागली. "तहखान्याचं दार उघडलंस का रे?" मी म्हणालो, "हो आई, उघडलं." पुन्हा विचारलं. मग मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. मला वाटलं, झोपेत वाडा दिसतोय तिला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. हात लावला तर अंग कोरडं आणि तापलेलं होतं, पण त्या रात्री भिंतसुद्धा तापलेलीच होती.

पाच वाजून दहा मिनिटांनी लाइट आली. पंखा फिरायला लागला, कूलरचा आवाज सुरू झाला, आणि मी पडल्या पडल्या झोपलो. सात वाजता सौ. चहा घेऊन गेली तर आई उत्तर देईना. दवाखान्यात नेलं. दहाच्या आत संपलं सगळं.

दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडून' असं आहे. वय ७८, रक्तदाब जुना, कोणालाही ते पटण्यासारखं. उन्हाचं नाव कोणी घेतलं नाही, मीही नाही. भेटायला येणाऱ्यांना मी 'झोपेत शांतपणे गेली' असं सांगत राहिलो. या ग्रुपवर तिची आठवण लिहिली तेव्हाही असंच लिहिलं होतं. तेच आज दुरुस्त करतोय.

मला स्वतःला ते कळलं फार उशिरा, आणि तेही हिशेबाच्या वाटेने. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादला ४६.८ अंश झाले होते. गुजरातेतल्या मंडळींना आठवत असेल. नंतर अभ्यासकांनी दाखल्यांवरची कारणं बाजूला ठेवली आणि फक्त महिन्यातले एकूण मृत्यू मोजले. झाले ४४६२. आधीच्या-नंतरच्या वर्षांच्या सरासरीने व्हायला हवे होते ३११८. फरक १३४४. त्या १३४४ जणांपैकी बहुतेकांच्या दाखल्यावर हृदय, मूत्रपिंड, म्हातारपण असंच काहीतरी असणार. बँकेत ताळा जुळला नाही की आम्ही एकेक व्हाउचर तपासत बसत नाही, आधी एकूण फरक काढतो. ते वाचताना माझ्या लक्षात आलं की २००२ च्या ग्वाल्हेरचा असा फरक काढला तर त्यात एक आकडा आईचा असेल. त्याच अभ्यासातून पुढे २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णतेसाठीचा कृती आराखडा केला, देशातला पहिला.

मग मी डॉक्टर भाच्याला विचारलं. त्याने सांगितलेलं साध्या शब्दांत देतो. शरीराचं आतलं तापमान ३७ च्या आसपास राहायला हवं. ४० च्या वर गेलं की मेंदूवर परिणाम होतो, आणि त्याची पहिली खूण बहुधा असंबद्ध बोलणं ही असते. म्हाताऱ्यांना घाम कमी येतो, तहान कळत नाही. हवा चाळिशीच्या वर असेल तर नुसता पंखा अंगावर गरम वारा टाकतो. दिवसा तापलेलं शरीर रात्री निवलं पाहिजे. रात्रच गरम गेली तर काल साठलेल्या उष्णतेवर आज भर पडते. माणूस गरम लागतोय आणि बरळतोय असं दिसलं तर आधी कपडे सैल करून अंगावर पाणी घालायचं, ओली चादर टाकायची, वारा घालायचा, आणि हे करता करताच दवाखान्याची सोय करायची. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. मी विचारलं, माठातलं पाणी आईच्या अंगावर ओतलं असतं तर? तो गप्प बसला. चांगला मुलगा आहे.

उन्हाळ्यातच लाइट जाते हा योगायोग नाही, हेही मला नोकरीत असताना कळलं नव्हतं. सगळे कूलर-एसी एकाच वेळी लागतात हे झालंच. पण डीपीवरचा ट्रान्सफॉर्मरसुद्धा आपल्यासारखाच रात्री निवायला हवा असतो. त्याचं तेल दिवसा तापतं, रात्रीही भार उतरत नाही, आणि अकरा-बाराला तो जातो. तारा उष्णतेने लांबतात, लोंबतात, तेवढाच करंट वाहून नेऊ शकत नाहीत. म्हणजे ज्या रात्री वीज सगळ्यात जास्त हवी, त्याच रात्री ती जायची शक्यताही सगळ्यात जास्त.

याचा मोठा नमुना आमच्याच नावाने इतिहासात गेला. ३० जुलै २०१२, पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तर भारताची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तीन ग्रिड एकदम गेल्या. साठ कोटींच्या आसपास लोक अंधारात. सुरुवात कुठून? बीना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनपासून. पाऊस लांबलेला, उत्तरेत पंप आणि एसी जोरात. समांतर लाइन क्षमता वाढवण्याच्या कामासाठी बंद, सगळा भार एकीवर. तार तुटली नव्हती, शॉर्टसर्किट नव्हतं. भारच एवढा वाढला की संरक्षक यंत्रणेला तो बिघाड वाटला आणि तिने लाइन तोडली.

तेव्हापासून वीज खूपच सुधारली, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटपर्यंत गेली आणि ती भागवलीही गेली. माझ्या घरी आता महिनोन् महिने लाइट जात नाही. पण म्हणूनच आमच्याकडे कंदील नाही, माठ नाही, छतावर झोपायची बाज नाही, आणि आमची इमारत सात मजल्यांची आहे. पुतण्या अमेरिकेत फिनिक्सला असतो, आपल्यासारखंच कोरडं, तापणारं गाव. त्याने एक अभ्यास पाठवला, २०२३ चा. तिथे उष्णतेची लाट असताना दोन दिवस वीज गेली तर काय होईल याचं गणित मांडलंय: सुमारे १२,८०० मृत्यू, आणि निम्म्या गावाला तातडीच्या उपचारांची गरज. हे घडलेलं नाही, अंदाज आहे. पण पुतण्याच्या गावात वीज जवळजवळ कधीच जात नाही, आणि गणित भयंकर येण्याचं कारणही मला तेच दिसतं.

या ज्येष्ठात आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर रात्री अकराला उडाला. लिफ्टसाठी जनरेटर आहे, तो चाळीस मिनिटांत बंद पडला. डिझेल कोणी भरलं नव्हतं. चौथ्या मजल्यावर नव्वदीच्या एक बाई आहेत, ऑक्सिजनच्या मशिनवर. त्यांचा मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "अंकल, अभी आ जाएगी." मी त्याला जे बोललो ते जरा जास्तच मोठ्याने बोललो. मग आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीवर बसवून खाली आणलं, शेजारच्या इमारतीत लाइट होती तिथे नेलं, मशीन लावलं. आमची लाइट पहाटे चारला आली.

पुढच्या मीटिंगमध्ये मी दोन गोष्टी मांडल्या. तळमजल्याची उत्तरेकडची खोली उन्हाळ्याचे तीन महिने रिकामी ठेवायची, तिथे माठ आणि चार खाटा. आणि एकटे राहणारे, औषधं घेणारे, मशीनवर असणारे अशांची यादी चौकीदाराकडे ठेवायची. लाइट जाऊन अर्धा तास झाला की कोणाचीही वाट न पाहता खाली आणायचं. यादी मंजूर झाली, नऊ नावं आहेत, पाचवं माझं. खोलीचं काम अडलंय, तिथे सध्या कोणाची तरी जुनी कूलर ठेवलेली आहेत.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या घरात, तुमच्या गावी, उन्हाळ्यातल्या लाइट गेलेल्या रात्रीनंतर एखाद-दोन दिवसांत कोणी गेलं असेल, आणि दाखल्यावर दुसरंच काही लिहिलेलं असेल, तर खाली फक्त साल, गाव आणि वय लिहा. नाव नको. मी वही घातली आहे. पहिली नोंद केली आहे: २००२, ग्वाल्हेर, ७८.